जीपगाडीच्या कमानी व त्यांची निवड

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडून आठ-दहा दिवस झाले असतील. विज्ञानाच्या तासास आम्ही ताणकाट्याविषयीं सांगत असतां मागच्या बांकावरील एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, आमच्या जीपला बाबा दोन पाटे वाढवून घेणार आहेत. गाडी तीन इंच वर उचलते, मग चिखलांत कुठेंच अडकत नाहीं, असें गॅरेजवाले म्हणतात. खरें आहे का?" वर्गांत हंशा पिकला, कारण प्रश्न धड्याबाहेरचा वाटला. आम्हांस मात्र तो धड्याच्या अगदीं पोटांतला वाटला. त्याचें उत्तर त्या तासांत पुरें झालें नाहीं, म्हणून तें येथें लिहीत आहों.

या मुलाचे वडील चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस आहेत. बिऱ्हाड थेरगांवांत, परंतु आजी व दोन एकर भातशेत पवन मावळांत. दर शनिवारीं सायंकाळीं हें कुटुंब आपल्या जुन्या जीपमधून गांवीं जातें, आणि रविवारीं परततांना तांदुळाचीं पोतीं, भाजीपाला व कधीं औषधपाण्यासाठीं आजी, असें सर्व घेऊन येतें. शेवटचे दोन किलोमीटर रस्ता असा नाहींच. पावसाळ्यांत ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडतात व त्यांतूनच जीपला वाट काढावी लागते. तेव्हां प्रश्न शौकाचा नव्हता. घरचीं पांच माणसें ज्या गाडींत बसतात तिच्या खालच्या लोखंडाचा होता.

आजच्या पुष्कळशा मोटारींस गुंडाळीच्या, म्हणजे कॉइलच्या, स्प्रिंगा असतात. २०२० सालीं आलेल्या नव्या थार गाडीलाही मागें व पुढें त्याच आहेत. परंतु २०१० सालीं प्रथम आलेल्या थारच्या मागील बाजूस पाट्यांच्या कमानी होत्या. १९८५ सालीं निघालेल्या जिप्सीच्या चारही चाकांशीं पाटेच. जुन्या जीपगाड्यांची तीच रीत. बोलेरोचा मागील भाग आणि बहुतेक पिकअप व मालमोटारी यांच्या खालीं वांकून पाहिल्यास हीच कमान दृष्टीस पडते. आमच्या पालकांपैकीं कित्येकांचे हात दररोज याच कामांत असतात; कांहीं जण तर आम्हांस शिकवूं शकतील. त्यांनीं आमची चूक आढळल्यास ती आम्हांस अवश्य कळवावी.

ही कमान मोटारीहून फार जुनी आहे. इंग्लंडांत ओबाडाया इलियट यानें १८०४ सालीं घोडागाडीसाठीं पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानीचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं बहुतेक गाड्यांचा पेटारा चामड्याच्या पट्ट्यांनीं टांगीत, किंवा आपल्या बैलगाडीप्रमाणें साटा सरळ आंसावरच ठेवीत. ज्यानें खडीच्या रस्त्यानें एक कोस बैलगाडींतून व दुसरा कोस टांग्यांतून प्रवास केला आहे, त्याला या दोहोंतील अंतर आमच्या सांगण्यावांचून कळेल. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या विलिज व फोर्ड या कंपन्यांनीं सहा लाखांवर जीपगाड्या बनविल्या, त्या सर्व पाट्यांवर चालत. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीनें स्वातंत्र्यानंतर लौकरच विलिज जीप येथें जोडण्यास आरंभ केला, आणि त्या गाडीबरोबर तिच्या कमानीही आपल्या घाटांत व शेतांत येऊन रुळल्या.

आतां तिची रचना पाहूं. पांच, सहा, सात असे पोलादाचे बांकदार पाटे एकावर एक रचलेले असतात. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांस वळवून डोळे केलेले असतात. बाकीचे पाटे क्रमाक्रमानें आंखूड होत जातात. सर्वांच्या मध्यांतून एक बोल्ट आरपार जातो, त्यास सेंटर बोल्ट म्हणतात. दोन यू-बोल्ट ही सर्व चळत धुऱ्याशीं आवळून धरतात. मुख्य पाट्याचा एक डोळा गाडीच्या सांगाड्यास पक्का, आणि दुसरा शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास जोडलेला असतो. हा दुवा कशाला, असें मुलें विचारतात. धनुष्य दाबून सपाट केलें तर त्याच्या दोन टोकांमधील अंतर वाढतें, तसेंच कमानीचें होतें. त्या वाढीस जागा देण्यासाठीं एक टोंक झुलतें ठेवावें लागतें.

पाटे लहानमोठे कां, हें मात्र पुष्कळ फिटरांसही ठाऊक नसतें. एका टोंकाशीं धरलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोंकास वजन लावलें, तर धरलेल्या जागीं तिला सर्वांत अधिक ताण पडतो व टोंकाकडे तो कमी कमी होत जातो. म्हणजे टोंकाकडचें पोलाद फुकट जातें. म्हणून पट्टी मुळाशीं रुंद व टोंकाशीं निमुळती करावी, तर सर्वत्र सारखा ताण पडेल. अशा दोन निमुळत्या पट्ट्या मुळाशीं जोडल्या, तर पतंगासारखा चौकोनी आकार होतो. एवढा रुंद पतंग गाडीखालीं मावणार कसा? म्हणून त्याच्या लांबट पट्ट्या कापून त्या एकीखालीं एक रचल्या, आणि तीच आपली कमान झाली. मधल्या पट्ट्या लांब, कडेच्या आंखूड. तेव्हां एखादा पाटा कोठें संपावा हें कोणीं लहर म्हणून ठरविलेलें नाहीं. त्याच्या लांबीला अर्थ आहे. मध्येंच भलत्या लांबीचा ताठर पाटा खुपसला, तर तो जेथें संपतो तेथेंच वरच्या पाट्यावर ताण एकवटतो व पुढें त्याच रेषेवर तडा जातो.

दुसरी गोष्ट घरीं करून पहावी. लांकडी फूटपट्टी मेजाच्या कडेवर घट्ट धरून तिच्या मोकळ्या टोंकास कंपासपेटी टांगा व ती किती लवते तें मोजा. आतां तशाच दोन पट्ट्या एकावर एक ठेवा, पण चिकटवूं नका. लवणें निम्म्यावर येईल. नंतर त्याच दोन्ही पट्ट्या सरसानें चिकटवून एक दिवस वाळूं द्या व पुनः तीच पेटी टांगा. आतां लवणें निम्म्याचें निम्में नव्हे, तर एका पट्टीच्या सुमारें आठव्या हिश्शावर येईल. जाडी दुप्पट केली कीं ताठरपणा आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो. सुट्या पट्ट्या एकमेकींवरून सरकतात, म्हणून त्या मऊ राहतात. जुन्या जीपचे पाटे गंजून व चिखलानें भरून एकमेकांस चिकटले कीं गाडी धक्के कां देऊं लागते, तें या प्रयोगांत दिसतें. अशा गाडीस नवे पाटे नकोत. कमान उतरवून, पाटे सुटे करून, घांसून व ग्रीस लावून परत बसविली तरी तिचा स्वभाव बदलतो.

वरच्या वर्गांतील मुलांसाठीं थोडें गणित देतों. पालकांनीं हा परिच्छेद सोडून दिल्यास आमची हरकत नाहीं. कमान १००० मिलिमीटर लांब, तींत ६० मिलिमीटर रुंदीचे व ७ मिलिमीटर जाडीचे पांच पाटे आहेत असें समजूं. पोलादाचा स्थितिस्थापकतेचा अंक लक्षांत घेऊन ढोबळ हिशेब केला, तर ही कमान एक मिलिमीटर दाबण्यास सुमारें साडेपांच किलो वजन लागतें. तिच्यावर ३०० किलो ओझें असेल, तर ती सुमारें ५४ मिलिमीटर लवेल. आतां त्याच मापाचा सहावा पाटा घातला. ताठरपणा एक पंचमांश वाढला. लवणें ४५ मिलिमीटरांवर आलें. म्हणजे गाडी उचलली गेली ती केवळ नऊ मिलिमीटर, एका बोटाच्या रुंदीहूनही कमी! मग गॅरेजांत तीन इंच कोठून येतात? ते पाट्याच्या ताठरपणांतून येत नाहींत. अधिक बांक दिलेला पाटा बळेंच चळतींत आवळल्यानें येतात, आणि असा पाटा गाडी रिकामी असतांही आधींच ताणलेला असतो. पांच पाटे ७ ऐवजीं ८ मिलिमीटर जाडीचे केले, तर ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो. उलट कमानीची लांबी एक दशांशानें वाढविली, तर तो पाऊणपटीवर उतरतो. खडबडीत भूमीवर चालणाऱ्या चांगल्या गाड्यांच्या कमानी लांब कां असतात, हें आतां सांगावयास नको.

ताठरपणाची किंमत प्रवाशाच्या पाठीला द्यावी लागते. कमान स्थिर ओझ्याखालीं जितकी लवते, त्यावरून गाडी मिनिटास किती हेलकावे घेईल तें निघतें. दहा सेंटिमीटर लवणारी गाडी मिनिटास सुमारें ९५ हेलकावे घेते, पांच सेंटिमीटर लवणारी सुमारें १३५. माणसाच्या शरीरास साठ ते नव्वद हेलकावे सुखाचे वाटतात. जीप जात्याच आडदांड. तिला आणखी ताठर करणें म्हणजे आजीबाईस गांवापर्यंत उखळांत घालून नेणें होय.

येथवर वाचून कोणी म्हणेल, कीं धक्के सोसूं, पण गाडी चिखलांत अडकूं नये. याच ठिकाणीं सर्वांत मोठा गैरसमज आहे, म्हणून थोडें थांबून सांगतों. ज्या जीपचा धुरा अखंड असतो, तिच्या खालच्या अंगास सर्वांत लोंबता भाग म्हणजे धुऱ्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा. हा गोळा कमानीच्या खालीं आहे, वर नव्हे. कमान कितीही उंच केली तरी वर जातो तो सांगाडा, गोळा जेथल्या तेथें राहतो. त्याची भूमीपासूनची उंची ठरते ती फक्त चाकाच्या त्रिज्येनें. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांमधील मातीचा वरंबा त्या गोळ्याला घासतो व गाडी त्यावर बसते. आमच्या विद्यार्थ्याची जीप अडकते ती अशीच. तीन इंचांच्या कमानीनें त्यांत एका रेसाचाही फरक पडला नसता. सांगाडा उंच केल्यानें लाभ होतो तो मोठ्या दगडावर चढतांना पोटाला, किंवा नाल्यांत उतरतांना पुढच्या बंपराला. ज्याच्या वाटेंत दगड आहेत त्यानें तो विचार करावा. ज्याच्या वाटेंत चाकोऱ्या आहेत त्यानें कमानीकडे आशेनें पाहूं नये.

खडतर वाटेवर कमानीकडून खरी अपेक्षा असते ती वेगळीच. एक चाक खड्ड्यांत व दुसरें दरडीवर असतां चारही चाकें भूमीस टेकून राहिलीं पाहिजेत. साध्या डिफरन्शियलचा धर्म असा कीं एक चाक अधांतरीं झालें तर तें गरगर फिरतें व दुसरें स्वस्थ उभें राहतें. कमान मऊ व लांब असेल तर धुरा वांकडा होऊन चाक खड्ड्याचा तळ गांठतो. ताठर असेल तर चाक हवेंत राहतें, आणि गाडी उंच, देखणी व निश्चळ!

उंची वाढविण्याचे जे उपाय बाजारांत आहेत, त्यांविषयीं आमचें मत थोडक्यांत असें. लांब शॅकल स्वस्त पडतो. पण तो पांच सेंटिमीटर वाढविला तर गाडी अडीचच सेंटिमीटर उचलते, कारण कमानीचें एकच टोंक हलतें व धुरा तिच्या मध्यावर असतो. शिवाय कमान तिरपी झाल्यानें पुढच्या धुऱ्याचा झुकाव बदलतो व सुकाणूचें चाक हातांत भटकूं लागतें. धुरा व कमान यांमध्यें लोखंडी ठोकळा घालण्याची रीत मागच्या बाजूस कांहीं गाड्यांत असते; पुढच्या बाजूस ती कधींही करूं नये, कारण ब्रेक लागतांच तो ठोकळा कमानीस पिळूं पाहतो. कमान धुऱ्याखालून काढून त्यावर बसविणारेही पुष्कळ आहेत. तिनें गाडी एकदम पांच-सहा इंच उचलते, पण हें काम अभियंत्याचें आहे, चौकांतल्या वेल्डरचें नव्हे. मालवाहू पिकअपला मदतनीस पाटे, ज्यांस हेल्पर म्हणतात, ते खरोखर उपयोगी. ओझें ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावरच ते टेकतात व रिकाम्या गाडीस त्रास देत नाहींत. पॅराबोलिक म्हणून जी नवी जात आहे, तींत पाटे थोडे, मध्यें जाड व टोंकांकडे निमुळते असतात आणि एकमेकांस मध्यें व टोंकांशींच टेकतात. घर्षण कमी, वजन कमी, चाल मऊ. आमच्या मतें पैसा खर्च करावयाचाच असेल तर तो येथें करावा. मात्र घर्षण कमी झाल्यामुळें हेलकावे थांबविण्याचें सर्व काम शॉकॲब्सॉर्बरांवर, म्हणजे आमच्या फिटरांच्या भाषेंत शॉकपांवर येतें, व ते जुने ठेवून भागत नाहीं.

एक पाटा वाढविण्याच्या प्रकाराविषयीं आम्ही अनुभवानें बोलतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एक जुनी जीप घेतली होती. तिचा मागील भाग बसला होता, म्हणून एका गॅरेजांत दोन्ही बाजूंस दोन दोन पाटे वाढवून घेतले. गाडी उंच दिसूं लागली व आम्हांस कांहीं दिवस अभिमानही वाटला. महिन्याभरानें मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरत असतां मागून धाडकन आवाज झाला व गाडी आपोआप एका बाजूस ओढूं लागली. दैव असें कीं ती डोंगराकडील गटाराकडे वळली, दरीकडे नव्हे. उतरून पाहतों तों डावें मागचें चाक मडगार्डास टेकलेलें. धुऱ्याचें डावें टोंक चार बोटें मागें सरकलें होतें. सेंटर बोल्ट मधोमध तुटला होता.

पुढें कारण शोधलें. सेंटर बोल्टाचें काम पाटे व धुरा यांची जागा दाखविण्याचें आहे, ओझें ओढण्याचें नव्हे. तें यू-बोल्टांच्या आवळण्यानें होतें. सात मिलिमीटरांचे दोन पाटे वाढविल्यानें चळत चौदा मिलिमीटर जाड झाली, पण यू-बोल्ट जुनेच ठेवले होते. त्यामुळें नटाला आटे जेमतेम तीन-चार मिळाले. शिवाय नवे पाटे बसले कीं कांहीं शें किलोमीटरांनंतर ते एकमेकांत रुततात व यू-बोल्ट ढिले होतात. तेव्हां ते पुनः आवळावे लागतात. गॅरेजवाल्यानें तें सांगितलें नाहीं हें खरें, पण आम्हींही विचारलें नाहीं. विज्ञानाच्या शिक्षकास हें सुचूं नये याची लाज आम्हांस अजून वाटते. म्हणून आमचा आग्रह असा कीं कमानीस हात लावला कीं यू-बोल्ट नवे व योग्य लांबीचे घ्यावे, ते गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या जोरानें आवळावे, आणि पहिल्या कांहीं दिवसांत ते पुनः तपासावे.

उंचीबरोबर आणखी पुष्कळ गोष्टी बिघडतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस लौकर झिजतात. धुरा पूर्ण खालीं लोंबला म्हणजे ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. ती तुटल्यास काय होईल तें सांगावें लागत नाहीं. जुने शॉकप आंखूड पडतात. आणि सर्वांत मुख्य म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो.

यांतही अंकाचा आधार घेऊं. चाकांमधील रुंदी १३०० मिलिमीटर व गुरुत्वमध्य भूमीपासून ६५० मिलिमीटर उंच असेल, तर गाडी कागदावर ४५ अंश कलेपर्यंत उलटत नाहीं. सांगाडा तीन इंच उचलला व त्यामुळें गुरुत्वमध्य समजा ६० मिलिमीटर वर गेला, तर ही मर्यादा साडेबेचाळीस अंशांवर येते. अडीच अंश म्हणजे काय मोठेंसें, असें वाटेल. परंतु गाडी बांधाच्या कडेनें तीस अंश कललेली आहे असें समजा. पूर्वीं पंधरा अंशांची शिल्लक होती, ती आतां साडेबारा राहिली. म्हणजे शिलकेचा सहावा हिस्सा गेला. उरलेल्यांत कमानीचें एका बाजूस दबणें, टायरांचें चेपणें, वळणाचा जोर आणि टपावरील कॅरिअरवर ठेवलेलीं पोतीं, या सर्वांचा वांटा आहे. कागदावरचे ४५ अंश खऱ्या गाडींत कधींच मिळत नाहींत.

पालकांनीं कायद्याचीही माहिती ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील निर्मात्यानें मूळांत दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ कडक रीतीनें लावला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें, न करण्याजोगा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलास ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. झिजलेली कमान काढून तशाच मापाची नवी घालणें ही दुरुस्ती होय. त्यापलीकडे जावयाचें असेल तर गॅरेजापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाऊन विचारावें. अपघातानंतर विमा कंपनीशीं वाद घालीत बसण्यापेक्षां तें बरें.

मग निवड करावी कशी? आम्हीं त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस प्रथम गाडी वजनकाट्यावर नेण्यास सांगितलें. चाकण रस्त्यावर वजनकाट्यांस तोटा नाहीं. पुढचीं चाकें काट्यावर, मागचीं बाहेर, मग उलट. एकदां रिकामी, एकदां घरचीं सर्व माणसें, पोतीं व आजी यांसह. ओझें किती व कोणत्या धुऱ्यावर, हें ठाऊक नसतां कमान निवडणें म्हणजे पाय न मोजतां जोडा घेणें आहे. नंतर सपाट जागीं चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचें अंतर चारही ठिकाणीं मोजलें. हें काम आमच्या विद्यार्थ्यानें वहींत आंकडे मांडून उत्तम केलें. मागील डावी बाजू उजवीपेक्षां २८ मिलिमीटर खालीं निघाली. पाटे सुटे केल्यावर डाव्या कमानींतील तिसऱ्या पाट्यास केंसासारखा तडा दिसला. शॅकलचे बुश अंडाकार झिजले होते. म्हणजे गाडी 'बसली' होती ती ओझ्यानें नव्हे, आजारानें.

गॅरेजवाल्याची सूचना होती कीं जुन्या पाट्यांनाच घणानें ठोकून पुनः बांक द्यावा. आमचें मत पडलें कीं हा खर्च वायां जातो. थंड पाट्यास ठोकून दिलेला बांक थोड्याच महिन्यांत उतरतो, आणि भट्टींत घालून तापविला तर त्याचें पाणी जातें. तें पुनः नीट देण्यास तापमान राखणारी भट्टी व तेलाचें कुंड पाहिजे, तें प्रत्येकाजवळ नसतें. शिवाय थकलेलें पोलाद ठोकल्यानें तरुण होत नाहीं. अखेर मूळ मापाच्या दोन्ही नव्या कमानी, नवे बुश, नवे यू-बोल्ट व दोन शॉकप घ्यावयाचें ठरलें. दोन्ही बाजूंच्या कमानी एकदमच बदलाव्या. एक नवी व एक जुनी ठेवल्यास गाडी कायमची लंगडी होते. टपावरील कॅरिअर काढून ठेवला. चाकोऱ्यांसाठीं निर्मात्यानें मान्य केलेल्या मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर घेतले, आणि मागें एक फावडें, एक जाड फळी व हवा भरण्याचा पंप ठेवला.

वडिलांची थोडी निराशा झाली, हें आम्ही लपवीत नाहीं. उंच जीप त्यांना आवडते, आणि शेजाऱ्याची तशी आहे. या पावसाळ्यांत त्यांची गाडी एकदां अडकलीच. तेव्हां वरंबा फावड्यानें खणून, टायरांतील हवा कमी करून, चाकाखालीं फळी सारून पाऊण तासांत ती बाहेर काढली, व डांबरी रस्ता लागतांच थांबून हवा परत भरली. आजी मागच्या बांकावर बसूनच होती; पूर्वींच्या मानानें पाठ कमी दुखली असें तिनें नातवास सांगितलें.

आतां देखभालीविषयीं दोन शब्द. पावसाळा संपला कीं पाट्यांमधील चिखल पाण्याच्या जोरानें काढावा. ज्या शॅकलांस ग्रीस भरण्याचें निपल आहे त्यांस तें भरावें. रबरी बुशांस मात्र ग्रीस किंवा तेल लावूं नये, रबर फुगून कुजतें. पाट्यांच्या कडांवर बोट फिरवून तडा आहे का पहावें, विशेषतः आंखूड पाटा जेथें संपतो तेथें. कमानीस कधींही वेल्डिंग करूं देऊं नये. त्या उष्णतेनें शेजारचें पोलाद ठिसूळ होतें व पुढच्या खड्ड्यांत तेथेंच तुटतें.

तडा गेलेला तो तिसरा पाटा मुलाच्या वडिलांनीं शाळेस दिला आहे. आमच्या जीपचा तुटलेला सेंटर बोल्टही त्याच्या शेजारीं प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेवला आहे. ज्या विद्यार्थ्यांस ते पहावयाचे असतील त्यांनीं मधल्या सुटींत यावें. येतांना दोन फूटपट्ट्या आणाव्या, सरस आम्ही देऊं.